तिसऱ्या हाकेला

एकाने भुताचा विषय काढला की बाकीच्या सगळ्यांना आपापली भुतं आठवतात, हा आम्हा सायकलवाल्यांचा जुना रोग आहे. राइड संपते, टपरीवर चहा येतो, चेन-टायर-गुडघे हे विषय चहा निवायच्या आत संपतात आणि मग कोणीतरी म्हणतंच, "ए, त्या रेसचं सांग ना!" दर वेळी सांगणारा बदलतो आणि दर वेळी किस्सा थोडा फुगतो. म्हणून म्हटलं, एकदा मीच सांगून टाकते. म्हसळ्यात माझं मेडिकल आहे. डोस मोजून द्यायची सवय आहे, त्यामुळे तिखटमीठ लावलं तरी बेतानेच लावीन.

आमची टीम म्हणजे चार डोकी. बापूकाका दिवेआगरचे, नारळी-सुपारीच्या वाडीचे मालक. चक्रीवादळात अर्धी वाडी आडवी झाली तेव्हा मोकळ्या जागेवर त्यांनी होमस्टेच्या खोल्या बांधल्या. ते आमचे मॅनेजर. इम्तियाज मेकॅनिक. मी हौशी, बायकांच्या प्रो गटात नावं कमी पडली म्हणून आयोजकांनी मला अक्षरशः बोलावून घेतलं. आणि चौथा दिनेश, आतल्या गावचा, भातशेतीवाल्या घरातला. आमच्यातला खरा रेसर तोच.

दिनेशची ती पहिली प्रो रेस. शनिवारी छोटी शर्यत, रविवारी मोठी. पुण्याच्या एका टीमचा मॅनेजर त्याला बघायला येणार होता आणि त्याने स्वच्छ सांगितलं होतं, "रविवारी पहिल्या दहात ये, पुढच्या सीझनला माझ्याकडे चल." दिनेशच्या वडिलांनीही तेवढंच स्वच्छ सांगितलं होतं, "न्हाय जमला, तर सायकल माळ्यावर आन् तू कंपनीत." रोह्याच्या एका कंपनीत त्याचं काम ठरलेलं होतं. पोरगा आठवडाभर नीट जेवत नव्हता.

* * *

ट्रॅक आखला होता बापूकाकांच्या गावामागच्या डोंगरावर. खालून चढ, वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ, सड्याच्या टोकाला देवाची राई, राईतून एका सायकलीपुरती पायवाट आणि मग खाली सरळ उतार. राई म्हणजे जिथे कोणी काठीसुद्धा तोडत नाही असं रान. भर दुपारी आत दिवा लावावासा वाटतो.

ट्रॅकच्या रिबिनी बांधायला आयोजकांचा माणूस आला तेव्हा गावचे गुरव राईच्या तोंडाशी बसलेले. म्हणाले, "गाऱ्हाणं घातलाव का?"

तो शहरातला. "काय घालायचं?"

"राखणदाराला सांगायचा. आमी येतोय, पोरं येतायत, सांभाळून घे. नारल ठेवायचा."

"काका, आम्ही रीतसर परवानगी घेतलीय. कागद आहे."

"कागद सरकारचा. ज्याची जागा हाय त्याला इचारलाव का?"

आता हा माणूस दिवेआगरच्या वाड्यांमधून येऊन उभा, आणि याच्याकडे नारळ नाही! शेवटी त्याने खिशातून एनर्जी बार काढला, चॉकलेटचा, आणि दगडावर ठेवून हात जोडले. आम्ही खूप हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बार नव्हता. वेष्टण तेवढं दगडावर होतं.

"माकडांनी खाल्ला," आयोजकांचा माणूस म्हणाला.

गुरवांनी ते वेष्टण उचलून त्याच्या हातावर ठेवलं. चार पदरी घडी घातलेली होती, इस्त्रीच्या रुमालासारखी. "माकड बरा शिकलेला दिसतो," ते म्हणाले आणि बिडी पेटवून चालते झाले!

त्या माणसाने दुपारी स्वतः जाऊन नारळ आणला. एक नाही, गोणीभर.

* * *

बापूकाकांचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. तसं ते रोज सांगतात. शुक्रवारी दुपारी जेवून ते एकटेच ट्रॅक बघायला गेले. "वळणं लिहून आणतो, पोरांना उपयोग होईल," म्हणाले. राई पायी पार करायला फार तर दहा मिनिटं. काका आले ते चहाची वेळ टळून गेल्यावर. अंगभर कुसळं, आणि टी-शर्ट उलटा! शिवण बाहेर, लेबल हनुवटीखाली.

"काका, टी-शर्ट?"

"असू दे."

"चकवा लागला?" इम्तियाजने विचारलं. रानात माणूस पुन्हा पुन्हा त्याच जागी येत राहतो तो चकवा. अंगातले कपडे उलटे करून घातले की वाट सापडते म्हणतात.

काका खुर्चीत बसले, पाणी प्यायले. "चकवा वगैरे थोतांड आहे. तिथे एक उंबर आहे. तो मला वारंवार भेटला, एवढंच."

आम्ही मेलो हसून. पण काकांनी तो टी-शर्ट झोपेपर्यंत सुलटा केला नाही.

संध्याकाळी रायडर्सच्या मीटिंगमध्ये मुख्य पंच मॅडमनी नियम वाचून दाखवले. कडक बाई. "जर्सी नीट घालायची. स्पॉन्सरचं नाव समोरून दिसलंच पाहिजे."

मागच्या रांगेतून काका उठले. "मॅडम, अडचणीच्या वेळी उलटी घातली तर चालेल का?"

"कसली अडचण?"

"वाट सापडत नसेल तर."

"सर, ट्रॅकवर रिबिनी आहेत!"

"त्या मलाही होत्या," काका म्हणाले आणि खाली बसले.

* * *

इम्तियाजचं एक वेड आहे. पॅडल मारायचं थांबवलं की मागच्या चाकातून टर्रर्र आवाज येतो ना, त्यावरून तो डोळे मिटून सायकल ओळखतो. "ही ताईची, ही दिनेशची, ही काकांच्या पाहुण्याची. तिचं कल्याण झालंय."

शनिवारी सकाळी प्रॅक्टिसला आम्ही तिघं निघालो. दिनेश पुढे, मध्ये मी, मागे इम्तियाज. राईत शिरलो आणि एकदम गार वाटलं. पक्षी नाही, किडा नाही. तिघांच्या चाकांचा टर्रर्र तेवढा. वळणावर इम्तियाज म्हणाला, "थांबा जरा."

आम्ही थांबलो. तिन्ही चाकं थांबली. टर्रर्र चालूच होतं!

मागून येत होतं, सावकाश, उतारावरून कोणी निवांत सायकल सोडून दिल्यासारखं. जवळ आलं, अगदी वळणापलीकडे आलं आणि थांबलं. मी वाट बघत राहिले. कोणी वळलं नाही. दिनेश तर मागे बघायलाच तयार नव्हता, हँडल घट्ट धरून समोर बघत उभा.

इम्तियाज मात्र कान देऊन ऐकत होता, डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तसा.

"चल ना इथून!" मी ओरडले.

"ताई, खुदा कसम, जो कोण आहे ना," तो सायकलवर बसत म्हणाला, "त्याच्या चाकाच्या हबात ग्रीसच नाय. केवढं सुकलंय! वर्षानुवर्षं उघडलेलं नाय कोणी." मग वळणाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "खाली ये रे, आपला तंबू निळा आहे. करून देतो!"

मी त्याला तिथेच सोडून सुसाट खाली आले. त्या दिवशीची माझी ती सगळ्यात फास्ट लॅप!

* * *

शनिवारी दुपारी दिनेशने घोळ घातला, आणि तो घोळ आमच्याकडचाच माणूस घालू शकतो.

अरुंद पायवाटेवर मागचा रायडर जोरात असेल तर तो ओरडतो, "डावीकडून!" पुढच्याने लगेच बाजूला व्हायचं. साधा नियम. छोट्या शर्यतीत दिनेशच्या मागे एक बंगळुरूचा पोरगा आला. शिकवल्याप्रमाणे ओरडला, "डावीकडून!" दिनेश ढिम्म. पुन्हा ओरडला. दिनेश ढिम्म. तिसऱ्यांदा ओरडला तसा दिनेश सायकल उचलून एवढ्या अदबीने बाजूला झाला, की पोरगा संतापाने पुढच्या झुडपात गेला!

तक्रार झाली. पंच मॅडमनी बोलावलं. मी सोबत गेले.

"हाक ऐकू आली नव्हती?"

"आलेली मॅडम."

"मग बाजूला का झाला नाहीस?"

"झालो की. तिसऱ्या हाकेला."

"पहिल्या हाकेला काय झालं होतं?"

दिनेशने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. आता या बाईंना काय सांगायचं? आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात, रानात मागून हाक आली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. तिसरी आली तरच वळायचं.

"मॅडम," दिनेश म्हणाला, "मानूस असंल तर परत हाक मारतो. दुसरा कोन असंल तर तो येकदाच मारतो."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ही पहिली आणि शेवटची वॉर्निंग. उद्या पहिल्या हाकेला बाजूला झाला नाहीस तर मी स्वतः तुला बाद करीन."

तंबूत आल्यावर कोणाला हसू आलं नाही. इम्तियाज त्याला समजावत राहिला, काका त्याला समजावत राहिले. मी दटावलं, "उद्या एका हाकेत बाजूला! समजलं?" तो हो म्हणाला. मग त्याच्या आईचा फोन आला. कुठूनतरी बातमी पोचली होती. फोन स्पीकरवर होता.

"आरं त्या मॅडमना सांग," माउली ओरडत होती, "रेस परत येल, मानूस परत येत न्हाय!"

दिनेशने फोन बंद करून खिशात टाकला. एकीकडे आई, एकीकडे पंच आणि मध्ये ती राई. मला त्याची इतकी दया आली की माझ्या वाटचं केळंसुद्धा मी त्याला देऊन टाकलं.

* * *

रविवारी सकाळी आधी आमची, बायकांची शर्यत. माझी इज्जत एवढीच पणाला, की शेवटचा नंबर नको.

पहिल्याच लॅपला उतारावर दणका बसला आणि पाण्याची बाटली उडून दरीत गेली. घशाला कोरड. पाणी द्यायची जागा खाली ठरवून दिलेली असते, तिथेच घ्यायचं, दुसरीकडे घेतलं तर बाद. दुसऱ्या चढाला माझी जीभ टाळ्याला चिकटली. डोळ्यांपुढे काजवे. राईच्या तोंडाशी उजवीकडून हात पुढे आला, हातात बाटली. मी विचार न करता घेतली, "थँक्यू!" ओरडले, घटाघटा प्यायले आणि सुटले. पाणी बर्फासारखं गार.

शेवटून दुसरी आले! तंबूत पोचले आणि बापूकाकांवर उखडले. "राईपाशी कशाला उभे राहिलात? कोणी बघितलं असतं तर? मला बाद केलं असतं ना!"

काका गोंधळले. "अगं, मी इथून हललो नाही. आणि गार पाणी कुठून आणू? बर्फ सकाळीच संपला."

मी सायकलवरची बाटली ओढून काढली, त्यांच्यापुढे धरली. माझीच होती. माझ्या मेडिकलचं स्टिकर लावलेली. दरीत गेलेली.

इम्तियाजने बाटली हातात घेतली, हलवून बघितली. निम्मी भरलेली होती. मी खालीच बसले.

काका, ज्यांचा कशावरही विश्वास नाही ते काका, हळूच म्हणाले, "घेताना थँक्यू तरी म्हणालीस का?"

"म्हणाले."

"मग हरकत नाही," काका म्हणाले. "उरलेलं झाडाला घाल."

* * *

आता दिनेशची शर्यत.

सुरुवात झकास झाली. पहिल्या लॅपला मागून हाक आली की हा डोळे मिटायचा, ओठांत काहीतरी पुटपुटायचा आणि पहिल्या हाकेला बाजूला व्हायचा. वाटेवर लक्ष ठेवायला उभे केलेले मार्शल सांगत होते. दर वेळी खराखुरा रायडर जायचा आणि हा सुस्कारा सोडून पुन्हा पॅडल मारायचा. तरीही चढावर त्याने इतक्या जणांना कापलं, की तिसऱ्या लॅपला तो नववा होता. पुण्याचा मॅनेजर खुर्चीतून उठून दोरीपाशी येऊन उभा राहिला. इम्तियाज माझा दंड आवळत होता, निळा होईपर्यंत.

चौथ्या लॅपला तो राईतून बाहेर आला तेव्हा अकरावा होता. तोंड पांढरंफटक. आमच्यासमोरून जाताना ओरडला, "ताई, हाक आली! बाजूला झालो! कोन नव्हता!"

तो वाट सोडून उभा राहिला होता, कोणीतरी जाईल म्हणून. कोणी गेलं नाही. तेवढ्यात मागून दोघं खरे आले आणि निघून गेले. नियम पाळला म्हणून पोरगा दहाच्या बाहेर गेला! मला रडूच आलं. काकांनी पंचांच्या तंबूकडे बघून एक शिवी हासडली. ती मी इथे लिहीत नाही.

शेवटची लॅप. मला खाली बसवेना, मी धावत वर राईच्या बाहेरच्या तोंडाशी गेले. तिथे मार्शल होता आणि पंच मॅडमही होत्या. दिनेशवर नजर ठेवायला त्या मुद्दाम येऊन उभ्या राहिल्या होत्या. पहिले नऊ जण एकेक करून बाहेर पडले, खाली गेले. राहिले दोघे. दहावा नाशिकचा पोरगा, त्याच्यामागे दिनेश. दोघे आत शिरल्याचं पलीकडच्या मार्शलने वॉकीटॉकीवर सांगितलं. बारावा अजून सड्यावरही नव्हता.

आम्ही राईच्या अंधाराकडे बघत उभ्या. वारा पडला होता. पानसुद्धा हलत नव्हतं.

आतून दिनेशचा आवाज आला. "डावीकडून!"

मॅडम ताठ झाल्या.

"डावीकडून!"

"पुढचा वाट का देत नाहीये?" मॅडम पुटपुटल्या.

मग तिसरी हाक, फुफ्फुसं फाडून मारलेली, "डावीकडून!"

आणि झाडांमधून दिनेश बाहेर आला. एकटा. पुढे कोणी नाही. आमच्याकडे न बघता त्याने सायकल उतारावर सोडली ती दगडासारखी. बऱ्याच वेळाने नाशिकचा पोरगा बाहेर पडला.

मी धावत खाली पोचले. दिनेश दहावा आला! इम्तियाज आडवा पडून जमिनीला मिठी मारून रडत होता. काकांनी कोणाच्या तरी स्पॉन्सरच्या बॅनरला डोळे पुसले. पुण्याचा मॅनेजर हात पुढे करून उभा होता. तेवढ्यात पंच मॅडम खाली पोचल्या आणि आमच्या काळजाचं पाणी झालं.

त्यांनी आधी नाशिकच्या पोराला बोलावलं. "याने तीनदा हाक मारली. तू वाट का दिली नाहीस?"

"मॅडम, मी तर एका हाकेत बाजूला झालो!" तो कळवळून म्हणाला. "हाक आली, लगेच थांबलो. एक जण गेला. त्याच्यामागून हा गेला. याने मला हाक मारलीच नाही."

"एक जण कोण?"

"मला काय माहीत? नंबर नव्हता पाठीवर."

मॅडम दिनेशकडे वळल्या. "तुझ्यापुढे कोणीतरी होतं?"

"व्हय मॅडम."

"नियम सगळ्यांना सारखा. तो अडवत असेल तर सांग, मी त्याला बाद करते."

"नको मॅडम," दिनेश म्हणाला. "तक्रार न्हाय. दिली त्याने वाट. तिसऱ्या हाकेला."

"पहिल्या दोन हाकांना का नाही दिली?"

दिनेशने घाम पुसला. राईकडे एकदा बघितलं.

"न्हाय देनार मॅडम. तो हितलाच हाय."